मृगयेची सिद्धता

मृगया हे राजाचे व्यसन होय, असे आपल्या नीतिग्रंथांनी ठरवून टाकले. पण व्यसनांतही डावे-उजवे करण्याची सोय त्यांनी राखली. द्यूत आणि मृगया यांची तुलना करताना कौटिल्याने मृगयेच्या बाजूने जी कारणे दिली आहेत ती पाहण्यासारखी आहेत. तीत व्यायाम घडतो. कफ, पित्त, मेद आणि घाम झडतात. स्थिर व धावत्या शरीरावर नेम धरण्याचा सराव होतो. राग आणि भय यांच्या भरात जनावराचे मन कसे चालते ते उमगते. यांत मांसाचा उल्लेख नाही की शिंगांचा नाही. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापती राजापुढे मृगयेची जी थोरवी गातो तीही याच सुरातली आहे. रानोमाळ हिंडून सांधे खिळखिळे झालेला विदूषक तेवढा तिला नावे ठेवतो, आणि खरे सांगावयाचे तर आमची सहानुभूती विदूषकाकडेच जाते. परंतु दोघांचे एका गोष्टीवर एकमत दिसते: हरणामागे जाणे हे शरीराचे काम आहे.

हा प्राचीन विचार एका बऱ्याच अलीकडच्या काळाला लावून पाहावा, असे आम्हांस वाटते. १८६१ साली नागपूर राजधानी करून मध्य प्रांत निर्माण झाला. मंडला, बालाघाट, शिवनी, छिंदवाडा ही सातपुड्याच्या कुशीतली रानेवने त्यात आली आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे त्या प्रांताच्या कचेऱ्यांत मराठी माणसाने लेखणी चालविली. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे आजे-पणजे त्या मुलखात तंबू ठोकून हिंडले असतील. हिवाळ्याचा दौरा निघाला की साहेबाच्या सामानात दप्तराच्या पेट्यांबरोबर बंदुकीची पेटीही बैलगाडीवर चढे. सांबर, चितळ आणि बारशिंगा यांच्या शिकारीचा हंगाम आणि सरकारी दौऱ्याचा हंगाम एकच होता, आणि हा काही निव्वळ योगायोग नव्हे. पावसाळा सरल्यावर दीड-दोन महिने ही राने तापाने भरलेली असत. हा ताप डासापासून येतो हे १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध होईपर्यंत सारा दोष दलदलीच्या हवेवर जाई. म्हणून तयारीचा पहिला नियम बंदुकीचा नसून पंचांगाचा होता. थंडी पुरती पडेपर्यंत रानात मुक्काम करावयाचा नाही, आणि केलाच तर क्विनीनची बाटली उशाशी ठेवावयाची.

या मुलखाचे पहिले मोठे शिकारी-लेखक म्हणजे कॅप्टन जेम्स फॉर्सिथ. १८६२ मध्ये त्यांनी पचमढीच्या पठारावर ‘बायसन लॉज’ बांधला. तो अजून उभा आहे, आणि पचमढीला गेलेल्या वाचकांनी तो पाहिलाही असेल. पुढे निमाडच्या जमाबंदीचे काम त्यांच्याकडे आले. ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ १८७१ साली निघाला, आणि त्याच वर्षी ते वारले. शिकारीच्या बंदुकीवर त्यांनी एक निराळे पुस्तक आधीच लिहिले होते. इतका त्या विषयाचा त्यांना ध्यास होता. त्या काळी लांबट गोळ्यांची चलती सुरू झाली असताना, मोठ्या नळीतून सुटणारी वाटोळी गोळी आणि नळीत मंद पिळाचे आटे, या जोडीचा त्यांनी हट्टाने पुरस्कार केला. झाडीत जनावर पन्नास-शंभर पावलांवरच दिसते, तेथे गोळी दूर जाण्यापेक्षा जोराने बसणे महत्त्वाचे, अशी त्यामागची विचारसरणी होती.

ठासणीच्या बंदुकीत एकदा बार उडाला की दारू, गोळी आणि टोपी पुन्हा भरीपर्यंत सांबर दुसऱ्या डोंगरावर पोहोचलेले असे. शिवाय काळ्या दारूचा धूर असा दाटे की गोळी लागली की चुकली हेही क्षणभर कळत नसे. तेव्हा जी काही सिद्धता करावयाची ती बार उडण्यापूर्वीच करावी लागे. शंभर पावलांचे झाड आणि दीडशे पावलांचे झाड यांतला फरक डोळ्यांनी जोखता आला पाहिजे. कारण गोळीची वाट वाकडी, आणि अदमास चुकला तर नेम धरूनही उपयोग नाही. चढण चढून आल्यावर छातीचा भाता चालू असताना बंदुकीचे टोक स्थिर राहत नाही. म्हणून दम गिळून चार श्वास थांबण्याची सवय अंगी मुरवावी लागे. सात-आठ शेरांची बंदूक वाहून नेण्यास मागे माणूस असे हे खरे, पण शेवटचे दोनशे पाऊल गुडघ्यांवर आणि कोपरांवर सरकताना ती स्वतःलाच न्यावी लागे. दौऱ्यातली रोजची घोड्यावरची रपेट आणि पायी तपासणी यांनी ज्याचे अंग कसलेले असे त्यालाच हे साधे. खुर्चीतून उठून आठ दिवसांच्या रजेवर आलेला मनुष्य पहिल्याच चढणीला विदूषकाचा सखा बने.

पोशाखाचा विचार पायापासून करावा लागे. टाचेला खिळे मारलेला चामडी बूट दिसावयास भारदस्त. पण माघात वाळलेल्या पानांवर आणि खडकांवर तो नगाऱ्यासारखा वाजतो. अनुभवी लोक रबरी किंवा दोरीच्या तळव्याचे कापडी जोडे घालीत. काश्मीरच्या डोंगरांत हंगुलामागे जाणारे गोरे शिकारी तर बूट टाकून तेथील गवताची पायताणे वापरीत, कारण ओल्या उतारावर त्यांच्याइतकी पकड दुसऱ्या कशाला येत नसे. सातपुड्यातल्या कुसळी गवताची पीडा ज्याने भोगली आहे त्याला पिंढऱ्यांवरच्या पट्ट्यांचे मोल सांगावयास नको. कपडा मातकट किंवा हिरवट असावा आणि नवा करकरीत तर मुळीच नसावा. हरणाला स्थिर वस्तू ओळखणे जड जाते. हालचाल मात्र ते तत्काळ टिपते, आणि कापडाची सळसळ त्याहून आधी. पण या साऱ्यांवर मात करणारी गोष्ट म्हणजे वारा. वारा पाठीवर असेल तर उत्तमातला उत्तम पोशाख आणि विलायतेतली सर्वांत महाग बंदूक सारखीच निकामी ठरे.

वारा ओळखणारा मनुष्य मात्र पेटीतून आणता येत नसे. तो बैगा असे किंवा गोंड असे. कमरेला लंगोटी, खांद्यावर कुऱ्हाड, एवढीच त्याची सामग्री, आणि पाय उघडे. चिमूटभर धूळ हवेत सोडून तो दिशा ठरवी. मागाच्या कडा ढासळल्या आहेत की धारदार आहेत यावरून जनावर पहाटे गेले की रात्री, हे सांगे. साहेब जेथे थांबे तेथे तो आधीच थांबलेला असे. आमच्या मते शिकारीच्या सर्व सिद्धतेत याची निवड हीच खरी अवघड गोष्ट होती, आणि पुस्तकांत तिच्यावर बंदुकीच्या मानाने फारच थोडी पाने खर्ची पडली आहेत. त्याचे नावही बहुधा येत नाही. येतो तो केवळ ‘माझा शिकारी’ म्हणून.

त्याची दुसरी बाजू अधिक कडू आहे. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव राने सरकारची झाली. बैगांची बेवर शेती बंद करून १८९० मध्ये मंडला जिल्ह्यात ‘बैगा चक’ म्हणून तेवढा एक तुकडा त्यांच्यासाठी राखण्यात आला. ज्या रानात साहेबाला परवान्यावर अमुक शिंगाळे मारता येत, त्याच रानात वाट दाखविणाऱ्याने स्वतःसाठी तीर सोडला तर तो गुन्हेगार. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली ‘द बैगा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. बेवर आणि शिकार हातची गेल्याने या लोकांच्या जीवाला लागलेली खंत त्यात नोंदलेली आहे. जनावराची विद्या एकाकडे आणि जनावराचा हक्क दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी होती.

तरीही या पद्धतीत एक आडकाठी होती, आणि ती कायद्याची नव्हती. कायदा झाला, १९१२ साली बंदीचे हंगाम ठरविण्याची तरतूदही झाली. पण खरा पहारा होता तो थकव्याचा. मनुष्य दिवसात किती चालेल, किती चढेल, याला सीमा आहे. वनखात्यातले डनबार ब्रँडर यांनी कान्ह्याच्या कुरणांविषयी लिहिले आहे की १९०० च्या सुमारास तेथे सायंकाळच्या एका फेरफटक्यात ११ जातींची १,५०० जनावरे त्यांना दिसली. फॉर्सिथनंतर तीस वर्षे पायी शिकार होऊनही कुरण भरलेले होते.

त्यानंतर साधने पालटली. बिनधुराची दारू आली, दूरवर सरळ जाणारी गोळी आली. १८९४ पासून झाइस कारखान्याच्या लोलकी दुर्बिणी मिळू लागल्या. अखेर दुसऱ्या महायुद्धानंतर फौजेच्या जीपगाड्या स्वस्तात बाजारात आल्या. जीप आणि प्रखर दिवा हाती असलेल्याला वारा ओळखण्याची गरज नाही, श्वास आवरण्याची नाही, वाटाड्याचीही नाही. दिव्याने दिपलेले चितळ जागच्या जागी उभे राहते. पिकांच्या रक्षणासाठी म्हणून दिलेल्या बंदुकांनी रात्रीत जे केले ते साहेबांच्या हंगामांना जमले नव्हते. जुन्या शिकाऱ्यांना हे पाहून संताप येई; पण त्यांनीच एकेका सुधारणेचे स्वागत केले होते, हेही विसरता कामा नये.

कान्ह्याच्या बारशिंग्यांची संख्या १९३८ मध्ये सुमारे ३,००० असल्याचा अंदाज होता. १९७० च्या गणनेत ते ६६ उरले. सारा दोष बंदुकीवर टाकणे न्यायाचे होणार नाही. हे हरीण केवळ गवतावर जगते, आणि कुरणांत गाई-म्हशींची गर्दी झाली होती. १९६३ ते १९६५ या काळात तेथे राहून अभ्यास करणाऱ्या जॉर्ज शॅलर यांना रोगाचाही संशय आला होता. १९५५ साली कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले होते, तरी घसरण थांबली नाही. पुढे कुरणातली गावे हलविली, माद्यांना वाघापासून दूर पाडसे देता यावीत म्हणून कुंपणाचा आवार केला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवान्यांचा व्यवहार संपत आणला. आज तेथे बारशिंगे हजाराच्या घरात आहेत.

फॉर्सिथ यांनी एक चमत्कारिक नोंद करून ठेवली आहे. सालवृक्षांचे मुख्य रान पूर्वेकडे संपते. पण पचमढीच्या पायथ्याशी, देलाखारीच्या खोऱ्यात, सालाचा एक सुटा तुकडा आहे, आणि नेमका तेवढ्यातच बारशिंगा आणि तांबडा रानकोंबडा आढळतो. पुढे तेथला बारशिंगा नाहीसा झाला. २०१५ साली कान्ह्यातून काही बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेण्यात आले. त्यांना पकडण्यासाठी आफ्रिकेतली युक्ती वापरली होती. दोन्ही बाजूंनी पडदे लावून निमुळती होत जाणारी वाट करावयाची, आणि कळप आपल्या पायांनी चालत मालमोटारीत शिरेल असे पाहावयाचे. रचना जुन्या हाक्याचीच होती; शेवटच्या टोकाला मचाण मात्र नव्हते.