दोन 'निलगिरी' आणि चार वर्षांचा प्रश्न

आमच्या तालुक्यातली बरीच पोरं सध्या अग्निवीर भरतीची तयारी करतायत. पहाटे पळताना दिसतात. त्यातली काही नौदलात जातील. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आज थोडा इतिहास.

मुंबईच्या माझगाव डॉकनं 'निलगिरी' नावाची युद्धनौका दोनदा बांधली. पहिलीचं काम १९६६ साली सुरू झालं, १९६८ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते ती पाण्यात उतरली आणि ३ जून १९७२ ला नौदलात दाखल झाली. आराखडा ब्रिटिशांचा, यंत्रं वाफेवर चालणारी. पण हात आपल्या कामगारांचे. तिथं शिकलेलं पुढं कामी आलं. १९८३ ची 'गोदावरी' आपल्याच नौदलाच्या आराखड्यावर बांधली गेली.

दुसरी निलगिरी १५ जानेवारी २०२५ ला दाखल झाली. पहिली साधारण ३ हजार टनांची, ही साडेसहा हजारांच्या वर. बांधायची रीतही बदलली. पूर्वी आधी जहाजाचा सांगाडा उभा करायचे, ते पाण्यात सोडायचे आणि मग आत अडचणीत वाकून पाइप, वायरी बसवत राहायचे. आता जहाजाचे मोठे ब्लॉक वेगवेगळे तयार होतात, पाइप-केबल बऱ्याच अंशी आधीच बसवलेले, आणि नंतर क्रेननं ते एकमेकांना जोडतात. आराखडा संगणकावर.

तरी बघा, पहिलीला साडेपाच वर्षांच्या वर लागली, दुसरीला सात. कारण आता रडार, सोनार, क्षेपणास्त्रं हे सगळं एका जाळ्यात जोडायचं असतं. आणि जे जोडायला अवघड, ते चालवायला आणि बिघडल्यावर सावरायलाही अवघड.

इथं माणूस येतो. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. युद्ध नसतानाही धोका असतोच. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला असलेल्या 'ब्रह्मपुत्रा'ला आग लागली. आग विझली, पण जहाज एका बाजूला कललं आणि एक नौसैनिक गेला.

अशा वेळी काय करायचं, हे शिकवलं जातं समुद्र नसलेल्या लोणावळ्यात, १९४५ पासूनच्या 'आयएनएस शिवाजी'वर. तिथल्या सिम्युलेटरमध्ये जहाजाचा एक भाग उभा केलेला असतो. तो डोलतो, फुटलेल्या जागेतून पाणी आत येतं आणि पोरांनी ते तशातच रोखायचं. पुस्तक वाचून हे येत नाही. हाताला सवय लागावी लागते.

आता माझा प्रश्न. २०२२ पासून अग्निवीराची मुदत ४ वर्षं, तीही प्रशिक्षण धरून. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. पोराचा हात बसतो न बसतो तोच बाकीचे घरी. जहाजं दिवसेंदिवस गुंतागुंतीची होतायत आणि ती सांभाळणाऱ्याची नोकरी आखूड. या दोन्हीचा मेळ कसा बसणार? पेन्शनच्या वादात हा मुद्दा बाजूलाच पडतो.

आपल्या भागातली कुणी नौदलातून निवृत्त झालेली मंडळी हे वाचत असतील तर सांगा: तुमच्या वेळी एक खलाशी पक्का तयार व्हायला किती वर्षं लागायची?