कोरडं घासू नका: खिडकीच्या जुन्या रंगाची गोष्ट

गेल्या दिवाळीआधी घरी रंगकाम काढलं. आजोबांच्या वेळच्या लाकडी खिडक्यांवर ऑइलपेंटचे चार-पाच थर, वरचा अजून चकचकीत. रंगारीकाका पॉलिश पेपर घेऊन कोरडंच घासायला बसले आणि खोलीभर पांढरी धूळ उडाली. खाली माझी दोन वर्षांची भाची खेळत होती. मी म्हटलं, "काका, जरा थांबा." ते म्हणाले, "अहो, घासल्याशिवाय नवा रंग धरेल का?"

त्यांचं बरोबरच होतं. चकचकीत रंगात रंगद्रव्याचे कण तेलाच्या किंवा रेझिनच्या थरात पुरते बुडालेले असतात. पृष्ठभाग इतका गुळगुळीत, की नव्या रंगाला पकडच मिळत नाही आणि पुढे पोपडे सुटतात. माझी भीती घासण्याची नव्हती, धुळीची होती. कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं.

ही भीती जुनी आहे. 1890च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये डॉक्टरांना लहान मुलांत शिशाची विषबाधा दिसू लागली. पोटात कळा, हातापायांतलं बळ जाणं, काहींची नजरही अधू. पण शिसं येतंय कुठून? 1904 मध्ये डोळ्यांचे डॉक्टर जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी बोट ठेवलं ते घरांच्या भिंतींवर आणि व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांवर.

तिथली घरं लाकडी आणि रंग पांढऱ्या शिशाचा, म्हणजे लेड कार्बोनेटचा. जवसाच्या तेलाबरोबर त्याचे शिशाचे साबण तयार होतात, थर चिवट होतो, लवकर वाळतो. म्हणून तो रंगाऱ्यांचा लाडका. पण कडक उन्हात तेल झिजतं आणि रंगाची पूड सुटते. मुलं कठडा धरणार, मग तीच बोटं तोंडात घालणार! हे पटून क्वीन्सलँडमध्ये कायदा व्हायला 1922 उजाडलं.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1921 मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं पांढऱ्या शिशाबद्दल करार केला. तो रंगाऱ्यांसाठी होता. त्यात कोरडं घासण्या-खरवडण्याच्या धुळीपासून कामगारांना जपा, असं स्पष्ट कलम आहे. शंभर वर्षं झाली त्याला!

आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग अशी ठरली ती 2016च्या नियमांनी, आणि लागू झाली नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या प्रत्येक रंगात शिसं होतंच असं नाही, पण नुसतं बघून ते कळत नाही. त्यासाठी तपासणीच लागते. तोवर 'असेल' असंच धरून चालावं.

मग आम्ही काय केलं? भाचीला शेजारी पाठवलं. खिडक्या साबणाच्या पाण्यानं धुतल्या, मेणचटपणा काढला. काकांनी वॉटर पेपर ओला करून फक्त चकाकी मारली. सुटलेले पोपडे तेवढे ओले करून काढले, घट्ट बसलेला थर लाकडापर्यंत खरवडला नाही. ब्लो-लँपनं जाळायचं तर नावच नाही, कारण त्यानं शिशाचा धूर होतो. झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसलं. मग प्रायमर आणि रंगाचे दोन हात.

जाताना काका हात धूत म्हणाले, "तीस वर्षं कोरडंच घासतोय. कुणी सांगितलं नाही."

मी भाचीसाठी थांबवलं होतं. ती धूळ सगळ्यात जास्त कुणाच्या छातीत गेली, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.