एका वर्षाच्या अटीची कुळकथा

शाळेत असतानाच ज्याच्या खेळाचा देशभर बोलबाला झाला आहे, असा अमेरिकन बास्केटबॉलपटू अठराव्या वर्षी शाळेतून बाहेर पडला, तरी त्याला थेट एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये जाता येत नाही. लीगचे संघ दरवर्षी नव्या खेळाडूंची आळीपाळीने निवड करतात, तो ड्राफ्ट. त्यात नाव यायचे, तर त्या वर्षात मुलाला एकोणीस पूर्ण व्हायला हवीत आणि त्याच्या बॅचने शाळा सोडून निदान एक वर्ष झालेले असावे लागते. नियमात कॉलेजचे नावही नाही. तरीही २००६ पासून बहुतेक गुणी मुलांनी हे मधले वर्ष कॉलेजच्या संघातच काढले. एक हंगाम खेळायचा आणि निघायचे. या प्रकाराला तिकडे ‘वन अँड डन’ म्हणतात.

हे वर्ष मुलाला घडवते की अडवते, यावर अमेरिकेत वर्षानुवर्षे वाद चालला आहे. वाद घालणारे बहुतेक जण एक गोष्ट गृहीत धरतात, की नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुलाची घडण होती. नियमाचे कूळ शोधत मागे गेले, की हे गृहीतकच टिकत नाही.

व्यावसायिक लीग १९४६ मध्ये सुरू झाली, ती मोठ्या क्रीडागृहांच्या मालकांनी. आइस हॉकीच्या सामन्यांमधल्या मोकळ्या रात्री भरून काढायच्या, हा त्यांचा हिशेब. तेव्हा बास्केटबॉलचा खरा प्रेक्षक कॉलेजकडे होता. नेड आयरिश यांनी १९३४ पासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच रात्री दोन कॉलेज-सामने ठेवायला सुरुवात केली आणि गार्डन भरू लागले. पुढे याच आयरिश यांनी निक्स हा व्यावसायिक संघ काढला. पण गार्डनच्या तारखा कॉलेजच्या सामन्यांना आणि इतर कार्यक्रमांना गेलेल्या असत. निक्सना आपले कितीतरी घरचे सामने लष्कराच्या एका जुन्या आर्मरीत खेळावे लागले. ज्यांच्या लोकप्रियतेवर आपले पोट भरायचे, त्या कॉलेजांना दुखावणे लीगला परवडणारे नव्हते. म्हणून दंडक झाला: शाळा संपल्यावर चार वर्षे उलटल्याशिवाय कोणत्याही खेळाडूला घ्यायचे नाही. चार वर्षे म्हणजे कॉलेजचा पूर्ण अभ्यासक्रम. त्यामुळे कॉलेजचा तारा कॉलेजकडेच राही आणि चार वर्षांनी लीगला तो आयता, नावारूपाला आलेला मिळे. त्याच्या घडणीवर लीगला एक डॉलरही खर्चावा लागत नसे. शिवाय आपल्या भागातल्या कॉलेजचा खेळाडू राखून ठेवण्याचा प्रादेशिक हक्कही संघांना होता, म्हणजे कॉलेजचा चाहतावर्ग खेळाडूच्या मागोमाग तिकीट काढून येई.

या व्यवस्थेत सगळ्यांत मोठा माणूस अडकला, तो विल्ट चेंबरलेन. सात फुटांहून उंच, फिलाडेल्फियाच्या ओव्हरब्रुक शाळेचा. १९५५ मध्ये त्याने शाळा सोडली. तेव्हाच तो व्यावसायिकांच्या तोडीचा होता, हे जाणकारांना कळून चुकले होते. तो कॅन्सस विद्यापीठात गेला. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांनी १८९८ पासून जिथे शिकवले, तेच हे विद्यापीठ. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात खेळू देत नसत, म्हणजे एक वर्ष तिथेच गेले. पुढच्या दोन हंगामांत जे झाले, ते या सगळ्या वादाचे मूळ आहे असे मला वाटते. एनबीएने १९५४ मध्येच चोवीस सेकंदांचे घड्याळ आणले होते, चेंडू हाती आल्यावर तेवढ्या वेळात फेक व्हायलाच हवी. कॉलेजमध्ये असे घड्याळ १९८५ पर्यंत नव्हते. मग विल्टसमोर प्रतिस्पर्धी काय करणार? चेंडू आपसात फिरवत मिनिटेच्या मिनिटे काढायची आणि चेंडू त्याच्याकडे गेला की तीन-तीन जणांनी त्याला वेढायचे. १९५७ च्या अंतिम सामन्यात तीन जादा डाव खेळूनही कॅन्सस नॉर्थ कॅरोलिनाकडून ५४-५३ असे हरले. तीन जादा डाव होऊनही दोन्ही संघ साठीपर्यंत पोहोचले नाहीत, यावरून खेळाचा वेग समजावा.

तिसऱ्या वर्षानंतर विल्टने कॉलेज सोडले आणि ‘लुक’ पाक्षिकात त्याची कारणे सांगितली. तक्रार थेट होती: इथे मला जो खेळ खेळावा लागतो, त्याने व्यावसायिक म्हणून माझी वाढ खुंटते आहे. म्हणजे आजचा प्रश्न १९५८ मध्येच विचारून झाला होता, आणि तो विचारणारा त्या काळचा सर्वांत गुणी खेळाडू होता. लीगचे दार आणखी एक वर्ष बंदच होते, म्हणून तो हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर गावोगाव प्रदर्शनी सामने खेळत फिरला. १९५९ मध्ये एनबीएत आला आणि पहिल्याच हंगामात सामन्यामागे सरासरी ३७.६ गुण काढून सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. इतक्या तयारीच्या माणसाला चार वर्षे थांबवून कोणाचे भले झाले, याचे उत्तर तिकीटबारीवरच मिळते.

हा दंडक मोडला तो मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून आलेल्या मुलाने. स्पेन्सर हेवूड सिल्व्हर सिटीत जन्मला, लहानपणी कापूस वेचला, डेट्रॉइटला येऊन शाळेत खेळला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये एकोणिसाव्या वर्षी सुवर्णपदक. एक वर्ष डेट्रॉइट विद्यापीठात काढून तो एबीए या प्रतिस्पर्धी लीगच्या डेन्व्हर संघात गेला. घरच्या हलाखीचे कारण दाखवल्यास एबीए सवलत देई. पहिल्याच हंगामात त्याने सरासरी ३० गुण आणि १९.५ रिबाउंड मिळवले. १९७० मध्ये सिएटल संघाचे मालक सॅम शुल्मन यांनी त्याला एनबीएत करारबद्ध केले, तेव्हा त्याची बॅच कॉलेजातून बाहेर पडायला अजून काही महिने होते. लीगने हरकत घेतली आणि प्रकरण कोर्टात गेले. परगावच्या मैदानांवर ध्वनिक्षेपकावरून ‘बेकायदा खेळाडू’ अशी घोषणा होई, असे हेवूडने पुढे सांगितले आहे. १ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्याला खेळू देणारा मनाई हुकूम पुन्हा लागू केला. त्यानंतर लीगने तडजोड केली. एकवीस वर्षांच्या मुलाने आपले सारे उमेदीचे दिवस पणाला लावून ही वाट मोकळी केली, आणि तिच्यावरून पुढे कोट्यधीश झालेल्या कितीजणांना त्याचे नाव ठाऊक आहे, याची मला शंका वाटते.

तडजोडीत एनबीएनेही घातलेली हलाखीच्या दाखल्याची अट १९७६ मध्ये गेली. मोझेस मलोन शाळेतून थेट एबीएत, तर डॅरिल डॉकिन्स आणि बिल विलोबी थेट एनबीएत त्याआधीच गेले होते. तुरळक अपवाद सोडले तर मग दोन दशके कोणी ही उडी घेतली नाही. १९९५ मध्ये केव्हिन गार्नेटने घेतली आणि रांग लागली: कोबी ब्रायंट, ट्रेसी मॅकग्रेडी, २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स. पण त्या रांगेत कोर्लिओन यंगही होता, जो एनबीएत एकूण तीन सामने खेळला. जर्मेन ओ’नील पोर्टलंडच्या बाकावर चार हंगाम बसून राहिला, इंडियानात गेल्यावर त्याला खेळायला मिळाले आणि तो सहा वेळा ऑल-स्टार झाला. ओ’नीलची हकिकत मला फार बोलकी वाटते. तो कॉलेजला गेला नाही म्हणून मागे पडला नव्हता. त्याला मैदानावर मिनिटेच मिळत नव्हती.

२००५ मध्ये आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी खेळाडू संघटनेशी करार करताना वयाची अट परत आणली. त्यांना वीस वर्षे हवी होती, एकोणिसावर तडजोड झाली. शाळकरी मुलांवर कोट्यवधी डॉलर लावण्याआधी त्यांना तगड्या स्पर्धेत एक वर्ष पारखून घेता यावे, हा संघांचा स्वार्थ त्यात उघड होता. चार वर्षांच्या जुन्या दंडकाचेच हे धाकटे भावंड.

मग हे एक वर्ष मुलाला देते काय? कॉलेजचा सामना चाळीस मिनिटांचा, एनबीएचा अठ्ठेचाळीस. कॉलेजचा संघ हंगामात पस्तीसेक सामने खेळतो, एनबीएचा संघ ब्याऐंशी. कॉलेजचे घड्याळ आता तीस सेकंदांचे आहे. हंगामात आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त सराव घ्यायला कॉलेजांना मनाई आहे. प्रशिक्षकाची नोकरी जिंकण्यावर अवलंबून, तेव्हा मुलाला जे येते तेच तो वापरून घेणार. जे येत नाही, ते शिकवायला त्याच्या हाती पाच महिने असतात. याउलट स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच तेराव्या वर्षी रेआल माद्रिदच्या अकादमीत गेला, सोळाव्या वर्षी मोठ्यांच्या संघात उतरला आणि १९ व्या वर्षी युरोलीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू होऊन एनबीएत आला. त्याला लहानाचा मोठा करणाऱ्या क्लबला त्याच्या वाढीत पुढल्या अनेक वर्षांचा फायदा दिसत होता.

पण कॉलेजने घडवलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्टेफन करीचे वडील व्हर्जिनिया टेककडून खेळलेले, तरी त्या विद्यापीठाने या काटकुळ्या मुलाला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो डेव्हिडसन या छोट्या कॉलेजात गेला. तिथले प्रशिक्षक बॉब मॅकिलॉप यांनी त्याच्यावर पूर्ण भरवसा टाकला, आणि तिसऱ्या वर्षी चेंडू पुढे नेण्याची, डाव रचण्याची जबाबदारी त्याच्याकडे आली. व्यावसायिक खेळात त्याला जे करायचे होते, त्याची तालीम त्याला तिथे, भरपूर मिनिटे खेळून मिळाली. करी तीन वर्षे राहिला, आणि त्याला कोणी अडवून ठेवले नव्हते.

भारतीय वाचकाला या नियमाची एक आठवण जवळची वाटेल. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत शिकून २०१५ मध्ये डॅलसकडून ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला, मधे कॉलेज न करता. एनबीएत निवडला गेलेला तो पहिला भारतीय. वयाची अट त्याने पुरी केली होती. डॅलसच्या उपसंघाकडून तो थोडे खेळला, एनबीएच्या सामन्यात मात्र कधीच उतरला नाही.

२०२० मध्ये लीगने ‘इग्नाइट’ हा संघ काढला, कॉलेज नको असलेल्या मुलांना पगार देऊन घडवण्यासाठी. जेलन ग्रीन तिथूनच २०२१ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला. पण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज-क्रीडा संघटनेविरुद्ध एकमताने निकाल दिला, आणि जुलैपासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली. कॉलेजातच पैसा मिळू लागल्यावर इग्नाइटचे कारण उरले नाही. २०२४ मध्ये तो संघ बंद झाला. कूपर फ्लॅगने शाळा एक वर्ष लवकर संपवली, ड्यूक विद्यापीठाकडून एक हंगाम खेळला आणि २०२५ मध्ये अठराव्या वर्षीच, डिसेंबरमध्ये एकोणीस पूर्ण होणार या हिशेबाने, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. २०२३ च्या करारातही वयाची अट तशीच राहिली आहे. मात्र ज्यांना ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकाची खात्री नाही, अशी मुले आता कॉलेजात दुसरे, तिसरे वर्ष थांबतात. त्यांना तिथे पैसा मिळतो आणि खेळायला मिनिटेही मिळतात.