मंदीचा काळ आणि गावचा कारागीर

बार्शीटाकळीचे नाव निघाले की इतिहासप्रेमींस कालिकादेवीच्या प्राचीन मंदिराचे व तेथील शके १०९८ च्या शिलालेखाचे स्मरण होते. परंतु गावाचा इतिहास केवळ देवालयाचा नसतो. बाजारात मेहनतीवर पोट भरणाऱ्या हातांचाही तो असतो. त्यांतील एका कठीण काळाकडे आम्ही ज्ञातिबांधवांचे लक्ष वेधू इच्छितो.

१९२९ साली अमेरिकेत उद्भवलेली मंदी वऱ्हाडात आली ती कापसाच्या वाटेने. दोन वर्षांत कापसाचा भाव निम्म्याच्या आसपास उतरला. बार्शीटाकळीसारख्या कसब्यात विणकर, शिंपी, सुतार या सर्वांचा गिऱ्हाईक शेतकरीच. कापूस विकला की उधारी फेडावयाची, हा रिवाज. कापूस विकला गेला, पण उधारी तशीच राहिली.

मध्यप्रांत सरकारने १९३३ साली कर्जसमझोत्याचा कायदा केला. ऋणको व धनको यांस मंडळापुढे बोलावून कर्जाची रक्कम कमी करावी व हप्ते बांधून द्यावे, अशी ती योजना होती. तिने पुष्कळ शेतकऱ्यांस श्वास घेऊ दिला, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ऋणको म्हणून तिचा आश्रय मिळे तो मुख्यत्वे शेतीवर उपजीविका करणारासच. मागावर बसणारा त्या व्याख्येत मावत नव्हता. उलट, त्याने उधारीने कापड दिले असेल तर तो धनको ठरावयाचा, आणि बड्या सावकाराच्या पंक्तीस बसून आपल्या येण्यावर पाणी सोडावयाचा! सावकारास कुळे शंभर. याची गिऱ्हाइके पाच.

त्याच वर्षी उद्योगधंद्यांस सरकारी साह्य देण्याचा निराळा कायदाही झाला. पण कर्ज म्हटले की तारण आले, आणि कारागिराजवळ हत्यारांवाचून तारण ते कोणते? १९३४ पासून हिंदुस्थान सरकारने हातमागासाठी सालिना पाच लाख रुपये प्रांतांस देऊ केले. एवढ्या विशाल देशात ही रक्कम किती मागांपर्यंत पोचणार? शिवाय हे साह्य बहुधा सहकारी संस्थांच्या द्वारे यावयाचे. एकटा विणकर दारातच उभा.

ही केवळ जुनी कथा नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत केंद्र सरकारने लहान धंद्यांसाठी तीन लक्ष कोटींच्या हमीकर्जाची योजना काढली. कर्ज मिळावयाचे ते आधीच्या शिल्लक कर्जाच्या वीस टक्के. ज्याच्या नावे बँकेत कर्जच नव्हते, त्यास वीस टक्के कशाचे? फेरीवाल्यांस दहा हजारांचे विनातारण कर्ज मिळाले खरे, परंतु ते शहरांच्या हद्दीत विक्री करणारांस. खेड्याच्या आठवडी बाजारात पाल ठोकणारा तेव्हाही त्या यादीबाहेरच राहिला.