गाउचो कोण आहेत? 'भटके' म्हणून ज्यांना पकडलं जायचं, ते गुराखी अर्जेंटिनाची ओळख कसे बनले?

१९७८ साली अर्जेंटिनात फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला. त्या स्पर्धेचा शुभंकर होता 'गाउचितो', म्हणजेच छोटा गाउचो. डोक्यावर टोपी, गळ्यात रुमाल आणि हातात चाबूक असलेला एक मुलगा.

गाउचो म्हणजे दक्षिण अमेरिकेतले घोडेस्वार गुराखी. आज अर्जेंटिनात त्यांच्या नावाने राष्ट्रीय दिवस साजरा होतो. पण एकेकाळी याच गाउचोंना कागद दाखवता आला नाही, तर सक्तीने सैन्यात धाडलं जायचं.

गाउचो आले कुठून?

शाळेच्या भूगोलात आपण 'पंपास' या गवताळ प्रदेशाबद्दल वाचलेलं असतं. अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग मिळून बनलेला हा पट्टा गाउचोंची भूमी आहे.

इथे मुळात गाई आणि घोडे नव्हते. १६व्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते आणले. मोकाट सुटलेली जनावरं मुबलक गवतावर झपाट्याने वाढली. त्यांची शिकार करून कातडी आणि चरबी विकणारे घोडेस्वार तयार झाले, तेच पुढे गाउचो म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांच्यात बरेच जण स्पॅनिश आणि स्थानिक आदिवासी अशा मिश्र वंशाचे होते. 'गाउचो' हा शब्द कुठून आला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

त्यांचं जगणं कसं होतं?

गाउचोची मालमत्ता मोजकीच असायची. घोडा, खोगीर, अंगावर पोंचो आणि कमरेला 'फाकोन' नावाचा लांब सुरा. या सुऱ्याने जनावर सोलायचं, त्यानेच मांस कापून खायचं आणि वेळ पडली तर भांडणातही तोच उपसायचा.

जनावर पकडण्यासाठी दोरीचा फास आणि 'बोलेआदोरास' वापरायचे. चामड्याच्या पट्ट्यांना बांधलेले दगडी गोळे गरगर फिरवून फेकले, की ते जनावराच्या पायांत गुंडाळले जातात. हे हत्यार मूळचं आदिवासींचं. दिवसभर प्यायलं जाणारं 'माते' हे कडवट पेयसुद्धा गुआरानी आदिवासींकडून आलेलं.

मग ते गुन्हेगार कसे ठरले?

जमीनदारांना कुरणांवर हक्क हवा होता आणि कामाला मजूर. सरकारला सैन्यासाठी माणसं हवी होती. १८१५ मध्ये ब्युनोस आयर्स प्रांतात फर्मान निघालं. ज्याच्याकडे मालमत्ता नाही, तो नोकर समजला जाईल. त्याने मालकाचं पत्र कायम जवळ ठेवायचं. पत्र नसेल, तर तो 'भटका' आणि त्याची शिक्षा म्हणजे पाच वर्षं सैन्यात चाकरी.

विशेष म्हणजे त्याच काळात उत्तरेकडच्या साल्ता प्रांतात मार्तिन मिगेल दे ग्वेमेस यांच्या नेतृत्वाखाली गाउचो स्पॅनिश फौजांशी लढत होते. म्हणजे स्वातंत्र्याच्या लढाईत गाउचो हवा होता, पण मोकळ्या कुरणावर नको होता.

१८४५ मध्ये लेखक दोमिंगो सार्मिएन्तो यांनी 'फाकुन्दो' या पुस्तकात देशापुढे 'सुसंस्कृतपणा की रानटीपणा' असा प्रश्न मांडला. त्यात गाउचोंचं जग रानटी बाजूला पडलं. हेच सार्मिएन्तो १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

शेवट तारेच्या कुंपणाने

१९व्या शतकाच्या उत्तरार्धात पंपासवर तारेची कुंपणं पसरली आणि रेल्वे आली. पाठोपाठ शीतकरणाची सोय असलेल्या जहाजांतून युरोपला मांस जाऊ लागलं. लष्करी मोहिमा काढून आदिवासींच्या जमिनीही बळकावल्या गेल्या. त्यातल्या बऱ्याचशा मोठ्या जमीनदारांच्या हाती पडल्या. मोकाट गुरं संपली आणि गाउचो पगारी मजूर झाला.

मग तो नायक कधी झाला?

१८७२ मध्ये होसे एर्नान्देस यांचं 'मार्तिन फिएरो' हे दीर्घकाव्य आलं. त्याच्या नायकाला सक्तीने सीमेवरच्या सैन्यात नेलं जातं. तिथून तो पळून घरी येतो, तर घर उद्ध्वस्त आणि बायको-मुलं परागंदा झालेली. हे काव्य खेड्यापाड्यांत वाचून दाखवलं जायचं.

पुढे युरोपातून लाखो स्थलांतरित आले. तेव्हा 'अस्सल अर्जेंटिनी कोण?' हा प्रश्न उभा राहिला. १९१३ मध्ये कवी लेओपोल्दो लुगोनेस यांनी व्याख्यानांतून 'मार्तिन फिएरो'ला राष्ट्रीय महाकाव्याचा मान दिला. खरा गाउचो तोवर जवळपास संपला होता. त्याचा कोणाला धोका नव्हता, म्हणून गौरव करणंही सोपं झालं.

आज काय उरलंय?

अर्जेंटिनात ६ डिसेंबर हा राष्ट्रीय गाउचो दिवस आहे. ग्वेमेस यांच्या १७ जूनच्या स्मृतिदिनानिमित्त सुट्टी असते. ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यातले लोक स्वतःला 'गाउशो' म्हणवतात. पंपासवरच्या गुरांच्या मळ्यांवर घोड्यावरून काम करणारे गाउचो आजही आहेत, पण मळा दुसऱ्याचा असतो.

अर्जेंटिनात कुणी निःस्वार्थपणे मदत केली, तर तिला 'गाउचादा' म्हणतात. ज्याला कायद्याने भटका ठरवलं, त्याचं नाव लोकांच्या भाषेत चांगुलपणासाठी राहिलं.