सक्तीचे अवतरण (हलके विमान)
इंजिन बंद पडल्यामुळे मिळेल त्या जागी विमान उतरवावे लागणे. इंधन संपणे, त्यात पाणी शिरणे, दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचणे ही त्याची नेहमीची कारणे होत. इंजिन थांबले तरी योग्य वेग राखल्यास पंखांची उत्थापक शक्ती टिकते. सेसना १७२ हे चार आसनी विमान शांत हवेत १ किमी. उंचीवरून सुमारे ९ किमी. तरंगत जाते. वैमानिक प्रथम ताशी सुमारे १२० किमी. वेग साधतो, वाऱ्याला सामोरे उतरता येईल असे मोकळे शेत हेरतो. उंची असल्यास टाकी बदलून व कार्ब्युरेटरला उष्णता देऊन इंजिन सुरू करून पाहतो आणि १२१.५ मेगाहर्ट्‌झवर ‘मेडे’ संदेश देतो. जमिनीला टेकण्यापूर्वी इंधन व प्रज्वलन बंद करून दारांच्या कड्या काढतात.

५ मार्च २०१५ रोजी अभिनेते हॅरिसन फोर्ड यांच्या रायन विमानाचे इंजिन सँटा मोनिकाहून उडताच बंद पडले. ते गोल्फ मैदानावर उतरताना जखमी झाले. कार्ब्युरेटरमधील मुख्य जेट सैल झाल्याचे तपासात आढळले.

उड्डाणानंतर लगेच कमी उंचीवर इंजिन थांबल्यास धावपट्टीकडे वळू नये, समोरच उतरावे, असे प्रशिक्षणात शिकवतात.