स्पोर्ट्‌स कारचा स्वे बार : ओळखावा कसा, निवडावा कसा



मुले कॉलेजला गेली, घराचा हप्ता आटोक्यात आला, की आपल्यातल्या बऱ्याच जणांना एक जुनी हौस आठवते : दोन सीटची, छत उघडणारी छोटी गाडी. अमेरिकेत ही हौस खिशाला परवडेल अशा रीतीने भागवणारी गाडी म्हणजे माझ्दा मियाटा. बहुतेक जण ती सेकंडहँड घेतात, आणि सेकंडहँड गाडीबरोबर आधीच्या मालकाने केलेले बदलही आपल्या घरी येतात. त्यातला एक बदल असा आहे, की तो वरून दिसत नाही, गाडी सरळ चालवताना जाणवत नाही आणि ओल्या रस्त्यावर मात्र अचानक समोर येतो. तो म्हणजे स्वे बार.

मी १९९२ ची मियाटा घेतली तेव्हा "सस्पेन्शन अपग्रेड केलेले आहे" एवढेच मला सांगितले गेले. मीही कौतुकाने मान डोलावली. पुढे ऑक्टोबरमधल्या एका पावसाळी संध्याकाळी, दिवाळीच्या कार्यक्रमाची तालीम आटोपून सौ. आणि मी घरी येत होतो. हायवेवरून उतरायच्या गोल रॅम्पवर गाडीचे शेपूट डावीकडे सुटले आणि काही कळायच्या आत आम्ही गवतावर, आलो त्या दिशेला तोंड करून उभे होतो. मागून कुणी येत नव्हते म्हणून निभावले. वेग फार नव्हता. टायर अगदी नवे नव्हते, पण गुळगुळीतही झाले नव्हते. शनिवारी गाडीखाली शिरून मोजमाप घेतले तेव्हा उलगडा झाला. कंपनीचा मागचा बार १२ मिमीचा असतो, तिथे १६ मिमीचा बार होता, आणि तोही सर्वांत कडक भोकात लावलेला. पुढचा बार मात्र मूळचाच, १९ मिमीचा.

तेव्हापासून जी माहिती जमवली आणि वापरून पाहिली, ती इथे एकत्र देत आहे. उदाहरण मियाटाचे असले तरी तत्त्व कुठल्याही गाडीला लागू आहे.

१) स्वे बार म्हणजे काय?

भारतातले मेकॅनिक ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात, तोच हा. अँटी-रोल बार हे त्याचेच आणखी एक नाव. इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराची ही स्प्रिंग स्टीलची कांब गाडीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे आडवी जाते. मधला भाग दोन बुशांमध्ये धरून गाडीच्या सांगाड्याला बसवलेला असतो. दोन्ही टोके एन्ड लिंकने डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शन आर्मला जोडलेली असतात. या कल्पनेचे पहिले पेटंट कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील स्टीफन कोलमन यांना १९१९ साली मिळाले.

घाटातल्या वळणावर एस.टी. बाहेरच्या बाजूला कशी कलते ते आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. गाडी अशी कलली की बाहेरचे चाक सांगाड्याच्या तुलनेत वर जाते आणि आतले खाली येते. अशा वेळी बार ओल्या धोतरासारखा पिळला जातो. स्टीलला पीळ आवडत नाही, ते उलटा जोर लावते आणि गाडीचे कलणे कमी होते. सुंभासारखा पीळ धरून न बसता वळण संपताच सरळ होणे, हेच चांगल्या बारचे लक्षण.

दोन्ही चाके एकदम उंचवट्यावर चढली तर बार बुशांमध्ये नुसता फिरतो, पिळला जात नाही. म्हणून स्पीड ब्रेकरवर त्याचा त्रास होत नाही. एकच चाक खड्ड्यात गेले तर मात्र त्या चाकाचा धक्का बारमार्फत दुसऱ्या बाजूलाही पोचतो. खराब रस्त्यावर जाड बारची गाडी डोके डावी-उजवीकडे हलवते ते यामुळे.

२) बार काय करतो आणि काय करत नाही?

इथे एक मोठा गैरसमज आहे. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. हा एकूण भार किती सरकेल हे गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरते. बार जाड केल्याने तो भार कमी होत नाही. बार फक्त एवढेच ठरवतो, की त्यातला किती वाटा पुढच्या टायरांनी उचलायचा आणि किती मागच्या.

टायरची गंमत अशी, की त्यावर दुप्पट भार टाकला तरी पकड दुप्पट होत नाही, त्यापेक्षा कमीच वाढते. त्यामुळे ज्या बाजूचा बार जास्त कडक, त्या जोडीची एकूण पकड सहसा आधी संपते :

– पुढचा बार कडक केला, तर गाडीचे नाक वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. हा अंडरस्टीअर.
– मागचा बार कडक केला, तर शेपूट बाहेर सुटू पाहते. हा ओव्हरस्टीअर.

अंडरस्टीअरमध्ये घाबरून पाय उचलला तरी गाडी बहुधा सावरते. ओव्हरस्टीअरमध्ये पाय उचलणे हेच गाडी फिरायला पुरेसे असते. माझ्या बाबतीत नेमके तेच झाले. पहिल्या पिढीच्या मियाटात स्टॅबिलिटी कंट्रोल नाही, त्यामुळे चूक झाली तर सावरून घ्यायला कॉम्प्युटर येत नाही.

३) जाडीचा हिशोब

भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणून "तीन-चार मिमीने काय होते?" असे म्हणू नये. बाकी आकार तोच धरला तर :

– १२ वरून १४ मिमी : सुमारे १.८५ पट
– १२ वरून १६ मिमी : सुमारे ३.१६ पट
– १९ वरून २२ मिमी : सुमारे १.८ पट
– १९ वरून २४ मिमी : सुमारे २.५५ पट

पोकळ बारसाठी बाहेरच्या व्यासाच्या चौथ्या घातातून आतल्या व्यासाचा चौथा घात वजा करावा. समजा बाहेरून २५ मिमी आणि ४ मिमी जाडीची भिंत, म्हणजे आतून १७ मिमी. त्याचा कडकपणा २५ मिमीच्या भरीव बारच्या सुमारे ७९ टक्के भरतो, पण वजन फक्त ५४ टक्के. म्हणजे तो साधारण साडेतेवीस मिमीच्या भरीव बारइतका कडक आहे. मधले स्टील फारसे कामच करत नाही, म्हणून चांगले जाड बार पुष्कळदा पोकळ असतात. जाहिरातीत नुसता बाहेरचा व्यास दिला असेल तर भिंतीची जाडी जरूर विचारावी.

दुसरी बाब टोकांच्या हाताची लांबी. हात जितका आखूड तितका बार कडक, आणि हे प्रमाण लांबीच्या वर्गाने बदलते. २०० मिमीचा हात १८० वर आणला तर कडकपणा सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. ॲडजस्टेबल बारला टोकाशी दोन-तीन भोके असतात ती यासाठीच. सर्वांत टोकाचे भोक मऊ, वाकणाच्या जवळचे भोक कडक.

४) आपल्या गाडीखाली कोणता बार आहे?

यासाठी मेकॅनिककडे जायची गरज नाही. गाडी चढवायच्या रॅम्पवर किंवा भक्कम जॅक स्टँडवर घ्यावी, हँडब्रेक लावावा, चाकांना अडणी लावावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा, शिरू नये.

– व्यास : बारावीच्या प्रॅक्टिकलला वापरलेला व्हर्नियर कॅलिपर इथे कामी येतो. बारच्या मधल्या सरळ भागावर, माती पुसून, दोन-तीन ठिकाणी मोजावे. रंगाचा जाड थर असेल तर आकडा किंचित जास्त येतो.
– मूळ आकडा : अमेरिकेत विकल्या गेलेल्या १.६ लिटरच्या गाड्यांना (१९९० ते १९९३) पुढे १९ आणि मागे १२ मिमीचे बार होते. नंतरच्या वर्षांत मॉडेल आणि पॅकेजप्रमाणे आकडे बदलतात, म्हणून आपल्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलशी ताडून पाहावे.
– टोके : कंपनीच्या बारचे टोक चपटे असते आणि त्याला एकच भोक असते. एकापेक्षा जास्त भोके किंवा वेल्डिंग केलेले टोक दिसले तर बार बाहेरचा आहे असे समजावे.
– आवाज : पान्याने हलकेच ठोकल्यास पोकळ बारचा आवाज बहुधा वेगळा येतो. याने भिंतीची जाडी मात्र कळत नाही.
– रंग, लेबल, कोरलेला नंबर : लाल-निळा रंग सहसा बाहेरच्या बारचा. काळा रंग मात्र दोन्हींचा असू शकतो, त्यावर विसंबू नये.
– बुश : काळे रबर बहुधा मूळचे. रंगीत, कडक पॉलियुरेथेन असेल तर बदलले आहे. बुशचा व्यास बारशी जुळतो ना तेही पाहावे.

पुढचा आणि मागचा असे दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. एकट्या आकड्याला अर्थ नाही, जोडीला आहे. माझ्या गाडीत पुढे काहीच बदल नव्हता आणि मागे नुसत्या जाडीनेच तिपटीहून अधिक कडकपणा आला होता. भोकाचा परिणाम वेगळाच.

५) निवड करताना

आधी टायर, अलाइनमेंट, शॉक ॲब्सॉर्बर आणि जुने बुश पाहावेत. शॉक गळत असतील तर नवा बार म्हणजे मोडक्या खाटेवर नवी चादर. ते ठीक असेल तर पुढचा विचार करावा :

– मियाटात सुरुवात पुढच्या बारपासून करावी आणि मागचा मूळचाच ठेवावा. तत्त्वाप्रमाणे याने अंडरस्टीअर वाढायला हवा, पण मऊ स्प्रिंगची गाडी कमी कलली की पुढचे टायर रस्त्यावर जास्त सपाट टेकतात आणि बराचसा तोटा भरून निघतो.
– मियाटाची ताकद मागच्या चाकांना जाते. मागचा बार फार कडक असला तर वळणावर आतले मागचे चाक हलके होते किंवा उचलले जाते. साधा, म्हणजे ओपन डिफरन्शियल असेल तर ते चाक नुसते गरगरते आणि वेग मिळत नाही.
– मागचा बार बदलायचाच असेल तर पुढच्याबरोबर, जुळलेल्या जोडीतच घ्यावा. एकट्या मागच्या बारच्या स्वस्त 'डील'ला भुलू नये.
– गाडीची पिढी बघून घ्यावा. २००६ पासूनची तिसरी पिढी वेगळ्या प्लॅटफॉर्मवर आहे, आधीच्या पिढ्यांचे बार तिला चालत नाहीत.
– फार जाड पुढचा बार लावल्यास पहिल्या दोन पिढ्यांत तो धरणारे पत्र्याचे ब्रॅकेट वाकल्याची किंवा फाटल्याची उदाहरणे आहेत. त्यासाठी मजबुतीचे ब्रॅकेट मिळतात, ते सोबत घ्यावेत.
– ऑटोक्रॉसमध्ये भाग घेणाऱ्यांनी आधी आपल्या गटाचे नियम वाचावेत. एससीसीएच्या स्ट्रीट गटात एकच बार, पुढचा किंवा मागचा, बदलता येतो.

६) बसवताना

एक चाक लोंबकळते आणि दुसरे टेकलेले असेल तर बार पिळलेल्या स्थितीत असतो. तेव्हा लिंक सोडली तर तो झटक्याने हातावर येतो. दोन्ही चाके समान उंचीवर ठेवूनच काम करावे. पॉलियुरेथेन बुशला सिलिकॉन ग्रीस लावावे, नाहीतर प्रत्येक खड्ड्यावर कुरकुर ऐकावी लागते. लिंक जोडण्याआधी बार हाताने फिरवून पाहावा. तो अडकता कामा नये.

शेवटचे घट्ट करणे गाडी चारही चाकांवर सपाट उभी असतानाच करावे. दोन्ही लिंक ताण न देता भोकात जायला हव्यात. एका बाजूला ओढून बसवल्यास बार कायमचा थोडा पिळलेला राहतो आणि गाडी डावीकडे एक, उजवीकडे दुसरे वागते. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणे आवळावेत आणि शे-दोनशे मैलांनंतर पुन्हा तपासावेत.

७) बदलल्यावर

ॲडजस्टेबल बार असेल तर सर्वांत मऊ भोकापासून सुरुवात करावी. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत टिपावा. बदललेल्या गाडीची परीक्षा रोजच्या रस्त्यावर घेऊ नये. ऑटोक्रॉसच्या मोकळ्या मैदानात शंकू आडवे झाले तरी कुणाचे नुकसान होत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर मागचा १६ मिमीचा बार काढला आणि भंगार यार्डातून मूळचा १२ मिमीचा आणून लावला. वर्षभराने पुढे थोडा जाड बार घातला. गाडी आता कमी कलते आणि पावसात त्याच रॅम्पवर शहाण्यासारखी वळते. सौ. मात्र अजूनही तिथे आल्यावर दाराचे हँडल धरते.

तुमच्यापैकी कुणी सेकंडहँड स्पोर्ट्‌स कार बघत असेल, तर सोबत एक टॉर्च आणि व्हर्नियर न्या. "सस्पेन्शन अपग्रेड केलेले आहे" असे कुणी म्हणाले की पुढचे आणि मागचे दोन्ही आकडे विचारा. सांगता आले नाहीत, तर सौदा करण्याआधी स्वतः मोजून घ्या.